छोट्या ऑपरेशनची तयारी

आमच्या भागात बाईचं आजारपण सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. पोटाचं काही असेल तर नाव घ्यायचं नाही. "कुछ नै, छोटा ऑपरेशन है, शाम तक घर आ जायेंगे," एवढंच. कशाचं ऑपरेशन, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. गेल्या थंडीत माझंही असंच एक छोटं ऑपरेशन झालं. मी मात्र त्याचं नाव घेऊन लिहिणार आहे. नाव न घेतल्यामुळे बायकांचं काय होतं, ते मराठवाड्यात राहून पुरेसं पाहिलं आहे.

माझ्या गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरावर एक लहानसा कोंब आला होता. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. पाळी दहा-बारा दिवस चालायची आणि अंगावरून फार जायचं. सोनोग्राफीत कोंब दिसला आणि डॉक्टरांनी हिस्टेरोस्कोपी करायला सांगितली. यात पोटावर चीर नसते, टाका नसतो. बारीक दुर्बीण खालच्या मार्गाने पिशवीत नेतात, आत द्रव सोडून पिशवी थोडी फुगवतात, समोरच्या पडद्यावर आतलं सगळं दिसतं. कोंब काढून तपासणीला पाठवतात. सकाळी दाखल व्हायचं, संध्याकाळी घरी.

त्याच दिवशी घरी पाठवण्याची पद्धत नवी वाटते, पण तशी ती जुनी आहे. जेम्स निकोल नावाच्या स्कॉटिश सर्जनने ग्लासगो शहरात दहा वर्षांत लहान मुलांवरच्या ८,९८८ शस्त्रक्रिया मुलांना वॉर्डात न ठेवता केल्या आणि १९०९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. बाळ वॉर्डातल्या खाटेपेक्षा आईजवळ घरी बरं होतं, हे त्याचं म्हणणं होतं. म्हणजे पहिल्यापासूनच या पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे. दवाखान्याच्या वॉर्डात जे काम परिचारिका करते, ते घरात कुणीतरी करणार. आजारी बाळ असेल तर आई करते. आजारी आई असेल तर कोण करणार, हा प्रश्न आमच्याकडे ऑपरेशनच्या तारखेआधी फारसा कुणी विचारत नाही. पण तो शेवटचा प्रश्न झाला. त्याआधी बरंच काही विचारायचं असतं.

पहिला मुद्दा थोडा आमच्या घरातला आहे. बिगरमुस्लिम वाचकांसाठी सांगते. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, रोजे नंतर पूर्ण करायचे असतात. हनफी मसलकीत, म्हणजे आमच्याकडचे बहुतेक मुसलमान जो फिक्ह पाळतात त्यात, पाळी जास्तीत जास्त दहा दिवसांची मानली जाते. त्यापुढे रक्त जात राहिलं तर तो 'इस्तिहाजा', म्हणजे एक प्रकारचं आजारपण, आणि त्यात प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू करून नमाज पढायची असते. हा मसला आमच्या बायकांना चांगला माहीत असतो. मुलींच्या मदरशात तो शिकवतात, इज्तेमाला विचारला जातो. अकरावा दिवस उजाडला की बाई फोन करून विचारते, "आता नमाज चालू करू का?" तिला बरोबर उत्तर मिळतं. पण ज्या फिक्हने दहाव्या दिवसानंतरच्या रक्ताला आजार म्हटलं, त्याच्याकडून मसला तेवढा घेतला जातो आणि आजार तिथेच राहतो. उपचार करून घ्या, ही शिकवण आपल्या दीनमध्ये आहे. अकरावा दिवस हा आलिमाबरोबर डॉक्टरलाही विचारायचा दिवस आहे, एवढं जरी आपल्या मुलींना त्या तासाला सांगितलं, तरी पुष्कळ काम होईल.

याला जोडून रक्ताच्या कमतरतेचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. माझं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. डॉक्टरांनी तारीख देण्याआधी काही आठवडे लोहाचा उपचार केला. लोहाची गोळी चहा-दुधासोबत घेतली तर ती नीट लागत नाही, लिंबूपाण्यासोबत चांगली लागते. आमच्याकडे गोळी आठवते तीच चहाच्या वेळी. तर ऑपरेशनची तयारी खरं म्हणजे इथून सुरू होते, तारखेच्या महिनाभर आधी, चहाचा कप आणि गोळी यांची फारकत करण्यापासून.

दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मला पॉलिपचं कळल्यावर नात्यातल्या तिघी-चौघींनी एकच सल्ला दिला: "चाळिशी ओलांडली, मुलं झाली, आता पिशवी काढूनच टाक. झंझट खतम." त्यांची काळजी खरी होती. त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी जणींचं तेच झालं होतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, खाडा पडतो, दंड बसतो, म्हणून आणि दवाखान्यात घातलेल्या भीतीमुळे तरुण वयात गर्भपिशव्या काढलेल्या बायका. राज्य सरकारने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. यातल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतीलच. पण किती जणींना कुणी सांगितलं असेल की दुसरा काही इलाजही असतो?

मला तो दुसरा इलाज मिळाला, कारण विचारायला वेळ होता आणि सांगणाऱ्या डॉक्टर होत्या. मी वहीच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. काय काढणार? काय राहणार? हे नाही केलं तर काय होईल? याऐवजी दुसरं काही करता येईल का? आत गेल्यावर वेगळंच काही दिसलं तर मला उठवून विचाराल, की तिथेच ठरवाल? शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर थांबल्या आणि म्हणाल्या, "हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा."

त्या असं का म्हणाल्या असतील ते पुढच्या हकिकतीवरून कळेल. १९९५ च्या मे महिन्यात दिल्लीत एक ४४ वर्षांची अविवाहित बाई नऊ दिवस पाळी थांबत नाही म्हणून डॉक्टरकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि तिची गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायला दिलेली संमती होत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. आईची संमती मुलीच्या संमतीच्या जागी चालत नाही. डॉक्टरची फी नाकारली गेली आणि २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. रक्कम पाहून वाईट वाटतं. पण त्या बाईने तेरा वर्षं लढून मिळवलेला हा नियम आज तुमच्या-माझ्या प्रत्येक संमतीपत्राच्या मागे उभा आहे.

आता त्या संमतीपत्राबद्दल. मी मराठी आणि उर्दू शिकवते, त्यामुळे वस्तीतल्या बायका दवाखान्याचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. "टीचर, जरा ये पढ के बताओ ना." कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री माझ्याकडे पोचतो. कधीकधी सही आधी झालेली असते आणि वाचणं नंतर. म्हणून माझ्या वेळी मी संमतीपत्राची कोरी प्रत दोन दिवस आधी मागून घेतली. अशी प्रत मागता येते, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या नर्सिंग होम नोंदणी नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक आहे. आपल्या आजाराची, उपचाराची, धोक्यांची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणं आणि स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल तर दुसरी स्त्री तिथे हजर असणं, हे रुग्णाचे हक्क आहेत. पर्द्याची काळजी असलेल्या आमच्या बायका या एका गोष्टीपायी दवाखाना टाळतात. टाळू नका, विचारा. ऑपरेशन थिएटरमध्ये कोण कोण असेल, कपडे कुठे बदलायचे, डोकं झाकलेलं राहील का, हे सगळं आधी विचारता येतं. डोकं तर तिथे झाकावंच लागतं. टोपी तेच देतात.

प्रवेशाच्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने कागद माझ्यासमोरून उचलून माझ्या शौहरपुढे ठेवला. "इथं मिस्टरांची सही." हे शांतपणे म्हणाले, "ऑपरेशन इनका है, हाथ भी इनके सलामत हैं." मुलगा हसला आणि कागद परत माझ्याकडे आला. मी मराठीत सही केली, यांनी खाली साक्षीदार म्हणून केली. नातेवाइकाची सही घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. घरातलं माणूस सोबत आहे, त्याला सगळं माहीत आहे, याची ती नोंद असते. पण सज्ञान, शुद्धीत असलेल्या बाईच्या शरीराबद्दलची परवानगी तिचीच लागते. आमच्याकडे निकाहाच्या वेळीसुद्धा वकील आणि गवाह मुलीपाशी जाऊन तिची इजाजत घेतात. मग ऑपरेशनच्या वेळी तिला वगळून कसं चालेल?

सहीनंतर भूलतज्ज्ञ. ऑपरेशन कितीही छोटं असो, भूल छोटी नसते. भूलतज्ज्ञांना सगळं खरं सांगावं लागतं आणि नेमक्या याच ठिकाणी लाज आडवी येते. आधीची ऑपरेशनं, सिझेरियन, दमा, कशाची ॲलर्जी, हलणारा दात, कवळी, झोपेतलं घोरणं. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्यांनीच ठरवायचं, आपण मनाने नाही. हकीमसाहेबांचं माजून किंवा कुश्ता चालू असेल तर तेही सांगायचं. "ते काय, देशी आहे" म्हणून सोडायचं नाही. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत सासू-सुना मिश्री लावतात आणि डॉक्टरपुढे नाही म्हणतात. सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर श्वासाची नळी घालताना अडचण येते. त्या क्षणी समजण्यापेक्षा आधी समजलेलं बरं.

मग येतो उपास. आपल्याला वाटतं, रोजे ठेवणाऱ्यांना हे काय नवीन? पण ऑपरेशनआधीचा उपास आणि रोजा यांचं गणित वेगळं आहे. रोजा नियतीने होतो आणि पाण्याचा घोटही चालत नाही. ऑपरेशनआधीचा उपास पोट रिकामं राहावं म्हणून असतो. भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया थांबते. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून मटण, बिर्याणी, तळलेलं असं जड जेवण असेल तर आठ तास, हलकं खाणं किंवा दूध असेल तर सहा तास, आणि निव्वळ पाणी दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या डॉक्टरने आपल्या तब्येतीप्रमाणे वेगळा सांगितला असेल तर तो पाळायचा.

यात भाषेचा एक घोटाळा आहे आणि तो मी जवळून पाहिला आहे. आमच्या वस्तीतल्या एकीला एका दवाखान्यातून फोनवर सांगितलं गेलं, "सकाळी थोडं पातळ घेतलं तर चालेल." तिने कपभर दूध घेतलं. दूध पातळच असतं की! तिचं ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. रिक्षाचं भाडं गेलं, नवऱ्याची रोजी बुडाली, आणि वर "तुम्हाला सांगितलेलं कळत नाही का?" हेही ऐकावं लागलं. मराठीत वरण पातळ असतं, ताक पातळ असतं, खीरसुद्धा पातळ असते. डॉक्टरांना म्हणायचं असतं ते 'आरपार दिसणारं': पाणी, फार तर दूध न घातलेला कोरा चहा. ग्लासाच्या पलीकडचं बोट दिसलं पाहिजे, असं सांगितलं तर न शिकलेल्या बाईलाही कळतं. दुधाचा चहा हे पाणी नाही, हे तर आपल्याकडे ठळक अक्षरात लिहून लावायला हवं. कारण आपण चहाला खाण्यापिण्यात धरतच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. "रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगितलं जातं आणि नंबर लागतो दुपारी दोनला. चौदा तास पाण्याविना काढलेली बाई थिएटरात जाते ती डोकं धरून. आपला नंबर साधारण किती वाजता आहे आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे दोन प्रश्न विचारायला काही लागत नाही. माझा नंबर अकराचा होता. मी फजरची नमाज पढून, साडेआठच्या सुमाराला ग्लासभर पाणी प्यायले, डॉक्टरांना विचारून. आणि ऑपरेशन रमजानमध्ये आलंच, तर आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनाने सूरह बकरामध्ये दिलेली आहे. तातडी नसेल तर तारीख पुढे-मागे करता येते, पण तातडी असेल तर रमजानसाठी ऑपरेशन थांबवायचं कारण नाही.

अंगावरच्या वस्तूंचंही सांगते. लग्नसराईत हाताला गडद मेहंदी असते. बोटाला लावायच्या क्लिपमधून रक्तातला प्राणवायू प्रकाशाने मोजतात. बोटांच्या टोकांवर गडद, विशेषतः काळी मेहंदी किंवा नखांना रंग असेल तर मोजमापात अडचण येऊ शकते. दोन-तीन बोटं कोरी ठेवायची. काळी पोत, नथ, बांगड्या, अंगठ्या घरीच काढून ठेवायच्या, कारण रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात आणि धातूजवळ भाजण्याचा धोका असतो. गळ्यातल्या ताविजावरून एका खालांनी वॉर्डात मोठा वाद घातलेला मी ऐकला होता. परिचारिकेने तो त्यांच्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाहेर बसून ही धरून ठेवेल, तुम्ही आत या." खाला गेल्या. माझ्या सासूबाईंनी सकाळी माझ्यावरून सदक्याचे पैसे उतरवले आणि दुआ पढून फुंकली. त्यासाठी काहीच काढून ठेवावं लागलं नाही.

कागदपत्रांची पिशवी आदल्या रात्री भरायची. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशन कार्ड, विमा असेल तर त्याचं कार्ड. इथे आपल्या नावांचा प्रश्न येतो. आधारवर 'बेगम', रेशन कार्डावर 'बी', बँकेत 'शेख' पुढे तर शाळेच्या दाखल्यावर मागे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर कागदांवर माणूस एकच आहे हे आधी पटवावं लागतं. सकाळी भुकेल्या पोटी रांगेत उभं राहून हे सुधारत नाही. ते आधीच्या आठवड्याचं काम आहे. योजनेत किंवा विम्यात आपलं ऑपरेशन बसतं का, तेही तेव्हाच लेखी विचारून घ्यायचं. दिवसाभरात घरी सोडतात अशा शस्त्रक्रियांसाठी विमा कंपन्यांचे वेगळे नियम असतात.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भूल देताना डॉक्टरांनी मुलांची नावं विचारली, मी एक सांगितलं, आणि नंतर कुणीतरी "झालं, उठा" म्हणत होतं. मध्ये अर्धा तास गेला होता, असं म्हणतात.

खरी परीक्षा घरी. चिकलठाण्यात दवाखान्यांची वाण नाही. जिल्हा सामान्य रुग्णालय इथेच आहे, सगळे त्याला मिनी घाटी म्हणतात, आणि पुढे शहरात १९५६ सालच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मोठी घाटी आहे. म्हणून करमाड-बदनापूरकडचे नातेवाईक ऑपरेशनच्या रात्री आमच्याकडे मुक्काम करतात. तो शहाणपणा आहे. पहिल्या रात्री दवाखान्यापासून लांब जाऊ नये आणि सोबत जाणतं माणूस असावं. भूल दिल्यानंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही.

आमच्या शहरात यात आणखी एक पथ्य जोडावं लागतं: नळाचा दिवस. पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की घरातली बाई टाक्या-पिंप भरण्यात दोन तास वाकलेली असते. डॉक्टरांनी "वजन उचलू नका" लिहिलं, पण त्यांना नळाचा दिवस माहीत नव्हता. आम्ही तारीख ठरवतानाच तो पाहिला आणि त्या आठवड्याचं पाणी भरण्याचं काम मुलाला वाटून दिलं. दोन दिवसांची भाजी-डाळ फ्रीजमध्ये, भाकरी शेजारच्या बाजींकडून, हेही आधीच ठरलं होतं. हे सगळं सहज झालं असं नाही. घरात बसून सगळ्यांशी बोलावं लागलं, आणि बोलण्यासाठी आधी ऑपरेशनचं नाव घ्यावं लागलं. वीस वर्षांच्या मुलासमोर गर्भपिशवी हा शब्द उच्चारला. त्याने मान खाली घातली, मग विचारलं, "दुखेल का, अम्मी?"

आणि पाहुणे. आजाऱ्याला भेटायला जाणं सुन्नत आहे. पण आजाऱ्याकडे थोडा वेळ बसावं, त्याला त्रास देऊ नये, हाही त्याच सुन्नतीचा अदब आहे. आमच्याकडे आठ माणसं येतात, दोन तास बसतात, आणि आजारी बाई उठून चहा टाकते. माझ्या सासूबाईंनी यावर सरळ तोडगा काढला. आल्या-गेल्याला त्या दारातच म्हणायच्या, "सोई है, दुआ करो." मी जागी असले तरी.

घरी काय पाहायचं तेही लिहून घ्यावं. थोडं रक्त, थोडी कळ काही दिवस राहते. पण तासाभरात एक पॅड भिजत असेल, ताप-थंडी भरत असेल, पोटदुखी वाढत चालली असेल, उलट्या थांबत नसतील, दम लागत असेल किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर सकाळ उजाडायची वाट पाहायची नाही. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते सुटी होतानाच विचारायचं, आणि गाडीची सोय नसेल तर १०८ आहेच. ऑपरेशननंतरच्या रक्तात नमाजचं काय, हा मसला मी आमच्या आलिमासाहिबांना विचारला. या वेळी त्यांनीही मला विचारलं, "रिपोर्ट कधी येणार?"

तो रिपोर्ट. काढलेला कोंब प्रयोगशाळेत जातो. बहुतेक कोंब साधे असतात, काहींत कर्करोगाची सुरुवात असू शकते. ते तिथेच कळतं. घरी आलं, त्रास थांबला, म्हणजे काम संपलं असं समजून हा कागद आणायलाच न जाणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्या फायलीत शेवटचा कागद बिलाचा असतो.

माझा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. साधा कोंब होता, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली आहे. ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे, पूर्ण नावासकट, सगळ्यांना दिसेल अशी.